यंदा बॅकअप कोण?

काकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते माझ्या गाडीच्या डिकीत कंबरेपर्यंत शिरलेले होते.

आमच्या मराठी मंडळाचा गणपती अमेरिकेत, ट्रॉय गावातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये असायचा. मी नागपूरहून शिकागोमार्गे नुकताच ट्रॉयला आलो होतो. नव्या माणसाकडून मंडळ पहिल्याच वर्षी मसालेभात उकळतं, त्याप्रमाणे ते पातेलं आत पोचवून परत आलो, तर उघड्या डिकीतून दोन पाय बाहेर. पायांत पांढरे मोजे आणि कोल्हापुरी चप्पल. मी घाबरून खोकलो. पाय हलले, मग खालून वर एक गृहस्थ उलगडत गेले. हातात हवेचा दाब मोजायची छोटी सळई.

"तुमची का ही?"

"हो."

"स्टेपनीत हवा नाही."

माझ्या गाडीला स्टेपनी आहे, हेच मला तेव्हा कळलं. मी तसं बोललो नाही, पण ते चेहऱ्यावर दिसलं असावं. त्यांनी माझ्याकडे डॉक्टर सिगारेट ओढणाऱ्याकडे बघतात तसं बघितलं आणि पुढच्या गाडीकडे वळले. आत अथर्वशीर्ष चाललं होतं. हे पार्किंगमध्ये एकेका डिकीवर टकटक करत फिरत होते.

नंतर कळलं की हे दरवर्षीचं आहे. काकांनी मोटारीच्या कंपनीत जन्मभर एकच काम केलं होतं: डिकीच्या तळाशी स्टेपनी कशी बसवायची. इंजिनवाले वेगळे, दिसायला देखणी बॉडी काढणारे वेगळे. काका त्या खळग्याचे. "जी वस्तू माणसाला भर रस्त्यात पावसात आठवते, ती माझ्याकडे," असं ते सांगत. मग कंपनीने स्टेपनी द्यायचंच बंद केलं. तिच्या जागी पंक्चर बुजवायच्या चिकाची बाटली आणि एक पंप आला, आणि काका निवृत्त झाले. त्या बाटलीचा विषय त्यांच्यासमोर काढू नये हे मला बायकोने आधीच शिकवून ठेवलं होतं. तिला लोकांविषयी सगळं आधी कळतं. मला माझ्याविषयीसुद्धा तिच्याकडूनच कळतं.

त्याच दिवशी पंगतीत ते माझ्याशेजारी येऊन बसले.

"फुटबॉल बघता?"

बघत होतो ना! अमेरिकन व्हायचं म्हणून मी मोठ्या कष्टाने तो इकडचा, हातात चेंडू घेऊन खेळायचा फुटबॉल शिकलो होतो. आपल्या गावच्या टीमच्या मुख्य खेळाडूचं नाव मी पुऱ्यांवरून एका दमात घेतलं, वर त्याचं कॉलेजही सांगितलं.

"तो नव्हे," काका म्हणाले, "तो शेंबड्या पोरालाही माहीत असतो. यंदा बॅकअप कोण?"

ज्यांना या खेळाचं देणंघेणं नाही त्यांच्यासाठी, म्हणजे माझी बायको धरून बहुतेकांसाठी, सांगतो. प्रत्येक टीमचा एक क्वार्टरबॅक असतो. चेंडू त्याच्या हातात येतो, तो कुणाला द्यायचा ते तो ठरवतो. सगळं राज्य त्याचं, शिव्याही त्याला. त्याला काही झालं तर उतरायला दुसरा एक ठेवलेला असतो. तो डोक्यावर टोपी घालून मैदानाच्या कडेला उभा राहतो. वर्षानुवर्षं उभा राहतो. पहिल्याचं सगळं नीट चाललं तर हा खेळतच नाही.

काका या दुसऱ्याचे भक्त होते. टीव्हीवर सगळे चेंडू बघत, हे कडेची टोपी शोधत. कॅमेरा तिकडे क्षणभर वळला तरी "तो बघ, तो बघ" करत अर्धे उठायचे. ऑगस्टमध्ये सराव सामने असतात, ज्यांत मुख्य खेळाडू सहसा उतरतच नाहीत आणि म्हणून कुणी शहाणा माणूस ते बघत नाही. काकांचा खरा सण तो. टीम दुसरा कोण ठेवणार हे तिथेच ठरतं. "पहिला कुणीही निवडेल रे," ते म्हणायचे. "उंच आहे, देखणा आहे, हात तोफेसारखा आहे, घे. दुसरा निवडायला मन लागतं."

घरातही सगळं दोन होतं. बर्फ ओढायची दोन फावडी, दोन कुकर, नाकावरच्या चष्म्याखेरीज खिशात दुसरा चष्मा. काकू हसायच्या. "नवरा तेवढा एकच मिळाला मला," म्हणायच्या.

काकू डॉक्टर होत्या. इकडे नोकरी त्यांना आधी मिळाली, काका त्यांच्या मागून आले. हे सांगताना त्या काळच्या पुरुषाला जरा अडखळायला व्हावं, पण काका खुशीत सांगायचे. "ती स्टार्टर, पहिली मैदानात उतरणारी." हिवाळ्यात काकू ड्यूटीला निघायच्या आधी काका बाहेर जाऊन त्यांच्या गाडीवरचा बर्फ खरवडत, इंजिन चालू करून आत ऊब भरत. काकू वारल्यावरही सकाळी ती गाडी घराबाहेर धुरत उभी दिसायची. मी एकदा विचारलं.

"बॅटरी उतरते रे नुसती ठेवून," म्हणाले आणि किल्ली खिशात टाकली.

मंडळाच्या नाटकाची गोष्ट सांगितल्याशिवाय काका पुरे होत नाहीत. आमच्या मंडळात नाटकाला नट कमी आणि दिग्दर्शक जास्त. मला माझी योग्यता ओळखून पडदा ओढायचं काम दिलं होतं, आणि तेही पहिल्या अंकापुरतं. काका प्रॉम्प्टर. त्या वर्षी आमचा नायक ऑफिसच्या कामाला गेला आणि येताना बर्फामुळे दुसऱ्याच विमानतळावर अडकला. प्रेक्षक आलेले, समोसे आलेले, नायक नाही. काकांना सगळ्यांची वाक्यं पाठ. त्यांना कोट चढवला, मिशी चिकटवली, आणि काका विंगेत असे काही उभे राहिले की आम्हीसुद्धा नकळत ताठ झालो. मान ताठ, डोळ्यांत तेज. तिसरी घंटा द्यायची एवढ्यात नायक बॅगेसकट धावत आत आला. काकांनी एका हाताने मिशी सोलली, दुसऱ्या हाताने त्याच्या ओठावर दाबून बसवली, कोट उतरवून दिला आणि पुस्तक घेऊन स्टुलावर बसले.

मध्यंतरात मी सांत्वन करायला गेलो. "काका, वाईट वाटलं असेल."

"वाईट? कशाचं?" त्यांना खरंच कळेना. "मी तयार होतो. तो आला. आणखी काय पाहिजे?"

माझी मुलगी सई तेव्हा लहान होती. गाडीत म्हणाली, "बाबा, ही इज सो वियर्ड." मग थोड्या वेळाने म्हणाली, "बट नाइस वियर्ड."

काकू गेल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात काका दारासमोरच्या बर्फावरून घसरले. मोडलं काही नाही, पण उठताही येईना. शेजारचा माणूस कुत्रा फिरवायला बाहेर पडेपर्यंत तिथेच आडवे. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "आभाळ छान होतं." त्यांचा मुलगा निखिल अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, बॉथेलला असतो. त्याला हे आभाळ मुळीच आवडलं नाही. उन्हाळा लागल्यावर त्याने मला फोन केला. निखिल माझ्यापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी लहान असेल, पण मला काका म्हणतो. मी ते विसरायचा प्रयत्न करतो.

"काका, बाबांशी मी क्लिअर बोललोय. जवळपास राहणारा एक माणूस पाहिजे, जो मी कॉल केला की लगेच जाऊन बघेल. वन पर्सन. नाव तुम्ही ठरवा म्हटलं. नाही ठरलं तर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला येतो, घर विकायला काढतो आणि त्यांना इकडे घेऊन येतो."

"अरे मी आहे ना," मी म्हणालो.

"आय नो काका, पण ते बाबांनी म्हणायला पाहिजे ना. आत्तापर्यंत चार वेळा विचारलं. बघतो म्हणतात."

काकांना बॉथेलला जायचं नव्हतं. एकदा जाऊन आले होते. "सगळे कामाला जातात, घर कुलूप लावल्यासारखं गप्प," म्हणाले होते. "ट्रॉयचं घरही गप्पच आहे, पण ते माझ्या ओळखीचं आहे."

मला वाटलं, आपली निवड झालेलीच आहे, जाहीर तेवढी व्हायचीय. मी घरी जरा ऐटीतच वावरू लागलो. बायको म्हणाली, "तुला ओव्हनचं टायमर ऐकू येत नाही, तू त्यांचा फोन उचलणार?"

मंडळाचे माजी अध्यक्ष, हृदयाचे निवृत्त डॉक्टर, काकांच्या गल्लीतच राहायचे. त्यांनी तर सर्वांदेखत जाहीर केलं, "मी असताना चिंता कसली? तुझं हृदय माझ्या हातात." काका हसले. गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "मोठा माणूस आहे, पण स्टार्टर आहे. असल्याला बाकावर बसवला की तो बाकच मोडतो."

म्हणजे एक उमेदवार बाद. मी आणखी ताठ बसलो.

त्या ऑगस्टमध्ये टीमपुढेही हाच घोळ होता. दुसऱ्या जागेला दोघे उभे होते. एक कॉलेजातून ताजा आलेला, झाडासारखा उंच, फेकला तर चेंडू लवकर खाली न येणारा. दुसरा दाढीत पांढरे केस असलेला, बऱ्याच गावांचं पाणी प्यालेला. प्रत्येक टीमने त्याला वर्ष-दोन वर्षं कडेला उभं करून पुढे पाठवलेला. सामन्याला काका मला बोलवायचे. फोडणीचे पोहे, दोन कप चहा, आणि समोर अख्ख्या अमेरिकेत कुणी न बघणारा खेळ. पोरगा चेंडू फेके, मी ओरडे, "काय हात आहे!"

"हात आहेच. बसतो कसा बघ."

पोरगा बाहेर आला की बाकावर मागे रेलायचा, प्रेक्षकांत कुणाला तरी हात करायचा. पांढऱ्या दाढीचा मात्र बसतच नव्हता. हेल्मेट बगलेत, डोळे मैदानावर. खेळणारा बाहेर आला की हा त्याच्या बरोबरीने दोन पावलं चालायचा आणि कानाशी काहीतरी बोलायचा.

"काय सांगत असेल हो काका?"

"पाणी पी म्हणत असेल."

टीमने पोरगा ठेवला. पांढऱ्या दाढीच्याला सोडून दिलं. बातमी मी ऑफिसात वाचली आणि संध्याकाळी येताना काकांकडे वळलो. दार उघडंच होतं. काका टीव्ही न लावता टीव्हीसमोर बसले होते.

"अहो, तो सुखाने घरी जाईल," मी म्हणालो. "बायकोमुलं असतील. किती वर्षं फिरला बिचारा."

"घरी जाऊन काय करील?"

"आराम करील."

"कुणाच्या मागे उभा राहील रे?"

मी उत्तर नसलं की विषय बदलतो. "काका, निखिलला माझं नाव सांगून टाका ना. किती दिवस टांगून ठेवणार? मी आहे तुमचा बॅकअप."

काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी मनातल्या मनात त्या पोरासारखं रेललेलं अंग सावरलं.

"तू चांगला आहेस," ते म्हणाले. "डॉक्टरही चांगला आहे. पण तुम्ही सगळे मला मैदानात उभं करून माझ्या मागे माणूस शोधताय. मी मैदानातला नाही रे. कधीच नव्हतो. ती होती, तिच्या मागे मी होतो. आता पुढे कुणी नाही, आणि निखिल म्हणतो मागे कोण ते सांगा."

बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं. ते थांबलं. मग काकांनी विचारलं, "सईच्या शाळेत तुम्ही दोघं नाही सापडलात तर फोन कुणाला जातो?"

मी आठवलं. "माझ्या भावाला."

"तो कुठे असतो?"

"नागपूरला."

काकांनी चष्मा काढला. "म्हणजे पोरीला ताप आला की तुझा भाऊ नागपूरहून निघणार?"

खरं सांगतो, यात मला कधी काही चूक वाटलं नव्हतं. इकडे आल्यापासून डॉक्टर, बँक, ऑफिस, कुणीही अडीअडचणीला नाव विचारलं की माझ्या तोंडून थोरल्या भावाचं नाव निघतं. अडचण म्हणजे भाऊ, हे डोक्यात बसलेलं. मधे समुद्र आहेत हे लक्षातच येत नाही. ट्रॉयमध्ये चौकशी केली तर निम्म्या मराठी पोरांचे तारणहार पुणे, नाशिक आणि अकोल्यात निघतील.

"काका," मी म्हणालो, "तुमचं नाव देऊ?"

"मला काय विचारतोस? तुझी टीम, तू ठरव." एवढं म्हणून ते पोहे करायला उठले. कढईत मोहरी टाकताना त्यांची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही. पण मोहरी जरा जास्तच पडली.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "हे तुला आत्ता सुचलं?" मी म्हटलं, मला नाही, त्यांना सुचलं. "तरीच," ती म्हणाली आणि शाळेच्या फॉर्मवर भावाच्या जागी काकांचं नाव भरलं.

नोव्हेंबरात एका दुपारी सईला शाळेत ताप भरला. बायको लॅबमध्ये, तिचा फोन लॉकरमध्ये. मी एका मीटिंगमध्ये, जिथे माझी गरज नव्हती हे मीटिंग संपल्यावर सगळ्यांनाच कळलं. बाहेर येऊन बघतो तर शाळेचे हुकलेले कॉल आणि वर काकांचा एकच मेसेज: सई माझ्याकडे. ताप शंभरच्या खाली. गाडी सावकाश चालव.

मी अर्थातच सावकाश चालवली नाही. काकांच्या घरात शिरलो तर सई सोफ्यावर झोपलेली, अंगावर काकूंची शाल. बाजूला पातळ भाताची रिकामी वाटी. काका खुर्चीवर पाठ न टेकता बसलेले, नजर तिच्यावर. मी पुढे होऊन तिला उचलायला वाकलो.

"थँक्यू काका. आता मी बघतो."

त्यांनी हात आडवा केला. "आत्ताच डोळा लागलाय. थांब की. मला जरा खेळू दे."

मग मी जमिनीवर बसलो. आम्ही दोघं कितीतरी वेळ एका झोपलेल्या मुलीकडे बघत बसलो होतो, आणि तेवढा वेळ ते घर गप्प वाटलं नाही.

थँक्सगिव्हिंगला निखिल आला. आम्हाला जेवायला बोलावलं होतं. ताटं उचलल्यावर त्याने विषय काढलाच. "बाबा, नाव सांगा. नाहीतर सोमवारी एजंटला भेटायचंय."

"याचं लिही," काकांनी माझ्याकडे बोट केलं. "डॉक्टरचंही लिहून ठेव, दोन असलेली बरी. पण ते सोड. मला तिकडे येता येणार नाही."

"का?"

"ड्यूटी आहे इथे."

निखिलने माझ्याकडे बघितलं. एका तापाची ड्यूटी, एवढंच होतं ते, आणि हे त्यालाही समजत होतं. मी तोंड उघडलं, तर बायकोने टेबलाखालून पाय दाबला. सईच बोलली. "निखिलदादा, ही कान्ट गो. ही इज माय पर्सन." निखिलने बशीतला भोपळ्याच्या गोड 'पाय'चा तुकडा चमच्याने इकडून तिकडे सरकवला. मग म्हणाला, "ओके बाबा. ओके." आणि उठून नळाखाली भांडी घासायला लागला.

घर विकलं नाही. काका शेवटपर्यंत ट्रॉयलाच राहिले.

त्या हिवाळ्यात सईला पुन्हा ताप आला नाही. पोरगी अशी ठणठणीत की बायको एकदा म्हणाली, "मुद्दाम उशीर करू या का एखाद्या दिवशी?" पण काकांना फसवलेलं लगेच कळलं असतं, आणि त्यांच्या हिशेबात न खेळलेला सीझन हाच चांगला सीझन होता. तो त्यांना सगळाच तसा मिळाला. त्याच्या पुढचाही.

फेब्रुवारीत ऑफिस लवकर सुटलं म्हणून मी दुपारी त्यांच्याकडे डोकावलो. काका पुढच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. अंगात जाड कोट, डोक्यावर कानटोपी, पायांत बर्फाचे बूट, गाडीची किल्ली मुठीत. बाहेर गाडी चालू होती आणि तिच्यामागे पांढरी वाफ निघत होती. मला वाटलं, कुठे निघालेत.

"कुठे नाही," ते म्हणाले. "शाळा सुटायची वेळ आहे ना." मग घड्याळाकडे बघून विचारलं, "सुटली?"

मी बायकोला फोन लावून विचारलं आणि काकांना सांगितलं, "हो, सुटली. सई गाडीत बसली."

"घरी पोचतायत?"

"पोचतायत."

"उत्तम," काका म्हणाले. बाहेर जाऊन गाडी बंद करून आले, खुर्चीवर बसले, आणि वाकून सावकाश बुटांच्या नाड्या सोडायला लागले.